डिझाइनचे विद्यार्थी आधी बसस्थानकावर पाठवा

महोदय,

डिझाइनचे विद्यार्थी थेट संगणकावर अॅपचे स्क्रीन रंगवू लागतात. वापरणाऱ्याला भेटणे राहूनच जाते. समजा, बसच्या तिकिटाचे अॅप करायचे आहे; तर त्यांना आधी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर पाठवावे. ‘असे अॅप आवडेल का?’ विचारले की लोक भिडेपोटी ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘मागच्या वेळी तिकीट कसे काढलेत?’ विचारावे. मग कागदावर पेन्सिलीने काढलेले स्क्रीन ५ प्रवाशांपुढे ठेवून ‘उद्या सकाळचे पुण्याचे तिकीट काढा’ एवढेच सांगावे, मनात येईल ते बोलत राहायला सांगावे. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० मध्ये अशा चाचणीसाठी पाचाचाच आकडा सुचवला होता. मात्र पाचही जण वर्गमित्र असतील तर उपयोग नाही. प्रवासी अडखळला की विद्यार्थी मदतीला धावतो आणि नेमकी तीच अडचण नोंदीतून सुटते. एकाने विचारावे, दुसऱ्याने टिपावे. गुणही देखण्या चित्राला नव्हे, चाचणीनंतरच्या बदलांना द्यावेत.

– एक डिझाइन शिक्षक, कोल्हापूर