भोसरीच्या गॅरेजवाल्या काकांचे आभार
‘बाहा एसएई इंडिया’ या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेत, ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक व्हावी लागतात. स्पर्धेसाठी मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी भोसरी एमआयडीसीत सराव घेतला, तर मागचं डावं चाक फिरतच राहिलं. पेडलही मऊ. शेजारच्या गॅरेजचे काका शटर ओढत होते. आमचे चेहरे बघून थांबले. ब्रेकच्या कॅलिपरच्या (डिस्कला चिमटा घेणारा भाग) जोडावर बोट फिरवलं, ऑइल पाझरत होतं. स्वतःच्या डब्यातला तांब्याचा वॉशर काढून दिला. ब्लीडिंग (ब्रेकच्या नळीतली हवा काढणं) मात्र टॉर्च धरून आमच्या ज्युनिअर पोरींकडूनच करून घेतलं. “तिकडं मी नसणार गं!” पैसे नाहीत, उलट चहा पाजला (कटिंग नव्हे, फुल). रस्त्यावर चारही चाकांच्या काळ्या रेघा उमटल्यावरच घरी गेले. काका, सगळ्या टीमतर्फे मनापासून आभार.