तारणाची खात्री आणि ‘ऐकणे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नुसता विश्वास ठेवा, स्वर्ग पक्का, मग कसेही वागा’ असे ख्रिस्ती धर्माचे सार सांगून काही लेखक मोकळे होतात. दोष त्यांच्या एकट्यांचा नाही. सभेत हात वर करायला लावायचे, छापील कार्डावर नाव, पत्ता आणि ‘तारण झाल्याची (म्हणजे पापातून सुटका झाल्याची) तारीख’ लिहून घ्यायची आणि ‘आता काळजी नको’ म्हणून घरी पाठवायचे, असे करणारे प्रचारक आमच्यातच आहेत. गफलत दोन्हीकडे एकच आहे: विश्वास आणि वागणे यांची फारकत.

मराठी बायबलमधलेच एक वाक्य घ्या. योहानाच्या शुभवर्तमानात ३:३६ ची सुरुवात ‘जो पुत्रावर विश्वास ठेवतो’ अशी आहे. पुढे ‘जो विश्वास ठेवत नाही’ असे येईल म्हणावे, तर तिथे ‘जो पुत्राचे ऐकत नाही’ असे आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा रोख न जुमानण्याकडे आहे आणि भाषांतरकारांनी त्याला चपखल शब्द दिला. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हटल्यावर त्याला कोणी कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. विश्वास आणि आज्ञापालन यांची गाठ अशी एका वाक्यात बांधलेली आहे.

मग प्रेषित पौल ‘कर्मांवाचून’ म्हणतो त्याचे काय? रोमकरांस पत्रात (३:२८) मनुष्य कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो असे आहे. याकोबाच्या पत्रात (२:२४) केवळ विश्वासाने नव्हे, क्रियांनीही ठरतो असे आहे. मराठीत एकीकडे ‘कर्मे’ आणि दुसरीकडे ‘क्रिया’ असले, तरी ग्रीकमध्ये शब्द एकच आहे. त्यामुळे शब्दाच्या आडोशाने सुटका नाही. (‘केवळ विश्वासाने’ ही शब्दयोजना नव्या करारात एकदाच येते, ती याकोबाकडे आणि तीही नकारार्थी. प्रॉटेस्टंट मंडळींनी हे मोकळेपणाने मान्य करावे.) उलगडा तारखांत आहे. दोघेही दाखला अब्राहामाचाच देतात, पण प्रसंग वेगळे. पौल बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, १५ व्या अध्यायावर उभा आहे: मूल नाही, हातात फक्त संततीचे वचन, आणि अब्राहाम विश्वास ठेवतो. याकोब २२ व्या अध्यायाकडे बोट दाखवतो: देवाच्या आज्ञेवरून बळी द्यायला वेदीवर ठेवलेला मुलगा इसहाक. पहिला प्रसंग थोरला मुलगा इश्माएल याच्या जन्माआधीचा, म्हणजे अब्राहाम ८६ वर्षांचा होण्यापूर्वीचा. इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा होता, आणि २२ व्या अध्यायात तोच मुलगा पाठीवर लाकडे घेऊन डोंगर चढतो. मधे किमान पंधरा-वीस वर्षे गेली असणार. नीतिमान गणला गेला तो आधी. तो विश्वास खरा होता हे दिसले नंतर. पौल मुळाबद्दल बोलतो आहे, याकोब फळाबद्दल.

खात्रीचा प्रश्न इथूनच निघतो: माझ्या विश्वासाला मूळ आहे हे मला कळावे कसे? मुंबई-पुण्यात स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर आलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली या प्रॉटेस्टंट श्रद्धापत्रकाचा (१६४६) अठरावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. तो तीन आधार सांगतो आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला, देवाची वचने. दुसरा, जीवनात दिसणारी कृपेची चिन्हे. तिसरा, रोम ८:१६ मधली पवित्र आत्म्याची साक्ष. पहिलाच आधार धरला आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली की वर सांगितलेले कार्ड हाती येते. दुसरा पुढे आणला की माणूस रोज रात्री स्वतःच्या पुण्याचा जमाखर्च मांडतो, आणि तो कधीच जुळत नाही. तिसऱ्यावरच विसंबले की रविवारी पेटी-तबल्यावर गाणे रंगले तर तारण आहे, सोमवारी ताप आला की गेले! त्याच अध्यायात एक शहाणपणाची गोष्ट आहे, ती आमच्या व्यासपीठांवरून क्वचितच सांगितली जाते: ही खात्री विश्वासाचा अविभाज्य भाग नव्हे, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागू शकते, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते.

याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. म्हणजे कर्मांत काही कमी नव्हते. तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळायचा आहे. ही गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवली. खात्री लाभल्यावर त्या स्वस्थ बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-स्त्रिया आणून केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, ते त्यानंतरच. ‘कसेही वागा’ म्हणणाऱ्यांनी एकदा दौंडजवळ उतरून ते पाहून यावे.

वसईच्या कॅथलिक बांधवांची भूमिका वेगळी आहे, आणि ती भित्रेपणाची आहे हा समज चुकीचा. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ च्या ठरावात देवाच्या दयेवर किंवा ख्रिस्ताच्या पुण्याईवर संशय घ्यायला सांगितलेले नाही. माणसाने स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहून ‘मी कृपेत आहेच’ किंवा ‘मी शेवटपर्यंत टिकणारच’ असे, चूक होणेच शक्य नसल्यासारखे, म्हणू नये, हे तिचे म्हणणे. १४३१ च्या पाखंडाच्या खटल्यात फ्रान्सची लढवय्यी तरुणी जोन ऑफ आर्क हिला ‘तू देवाच्या कृपेत आहेस का?’ असे विचारले. हो म्हटले तर उद्धट, नाही म्हटले तर दोषी. तिचे उत्तर असे: नसेन तर देव मला तिथे नेवो, असेन तर तिथेच राखो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन (एक प्रॉटेस्टंट पंथ) आणि कॅथलिकांनी, माणूस नीतिमान कसा ठरतो याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, त्यात तारणाच्या खात्रीला स्वतंत्र कलम आहे. स्वतःकडे पाहून चिंता वाटली, तरी ख्रिस्ताच्या वचनावर भिस्त ठेवता येते, हे दोघांनाही मान्य आहे.

आता सभा घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. योहानाचे पहिले पत्र ‘तुम्हांला सार्वकालिक जीवन लाभले आहे हे कळावे’ म्हणूनच लिहिले आहे (५:१३), आणि त्यात खुणा दिल्या आहेत: येशू हाच ख्रिस्त असा विश्वास (५:१), आज्ञा पाळणे (२:३), भावाबहिणींवर प्रीती (३:१४). प्रीती म्हणजे काय तेही ३:१७ मध्ये आहे: जवळ साधने असून गरजू भावाला पाहून मन घट्ट करणाऱ्यात देवाची प्रीती कशी राहील? या खुणा निर्दोष असण्याच्या नाहीत. त्याच पत्रात १:८ मध्ये ‘मला पाप नाही’ म्हणणारा स्वतःला फसवतो असे आहे.

‘मला खात्री वाटत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकच औषध देऊ नये. कोणाचे पैसे बुडवून आलेल्याला वचने पाठ करायला लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. त्याला शुभवर्तमानातली जक्कय या जकातदाराची गोष्ट वाचायला द्यावी. आपणहून कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश द्यावा, एवढीच मोशेच्या नियमशास्त्राची मागणी होती (लेवीय ६:५). जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट देऊ केले. मात्र येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तो हे देणे कबूल होण्याच्या आधी. झोप उडालेली, भूक मेलेली, आठवडेच्या आठवडे रडणारी बाई आली तर तिला आत्मपरीक्षण वाढवायला सांगू नये. प्रार्थना करावी आणि डॉक्टरकडेही पाठवावे. आणि जो लहानपणापासून चर्चमध्ये वाढला, ज्याला अमुक दिवशी आपण बदललो असे सांगता येत नाही, त्याच्यापुढे तारखेचा रकाना धरूच नये. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या तारणाची तारीख पौलानेही लिहिलेली नाही. त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे मात्र लिहिली आहेत.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर