विषय : ऑर्डर एक, पार्सलं दोन, दोन्ही चुकीची

मा. व्यवस्थापक,

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी २७ मिनिटं बोलून फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. त्या नंबरवर मी आता पुन्हा फोन करणार नाही.

मी ब्रिटिश लायन या बँडचा 'द बर्निंग' मागवला होता. २०२० चा अल्बम, विनाइल रेकॉर्ड. खोक्यातून निघाला आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा 'फियर ऑफ द डार्क', जो माझ्याकडे कॅसेटच्या जमान्यापासून आहे. तुमच्या बाई म्हणाल्या, "दोन्हीकडे स्टीव्ह हॅरिस आहे, म्हणून सिस्टिमनं उचललं असेल." हॅरिस दोन्ही बँडांत बेस गिटार वाजवतो, हे खरं. बरं. परत केला. बदली म्हणून आला २०१२ चा अल्बम, जो हॅरिसच्या स्वतःच्या नावावर निघाला होता आणि ज्याचं नावच 'ब्रिटिश लायन' आहे. इथे गोंधळ होऊ शकतो, मान्य. पण रेकॉर्डी विकणाऱ्यांचा होऊ नये.

आता आजचा फोन. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, मागच्या वेळी तुमची तक्रार होती की बँड वेगळा आहे. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. "आता बँड तोच आहे. बेस वाजवणाराही तोच आहे. मग प्रॉब्लेम काय आहे?" मी म्हटलं, अल्बम वेगळा आहे. मध्ये आठ वर्षं गेलीत. आलेल्यात दहा गाणी, मागवलेल्यात अकरा, एकही सारखं नाही. तो गप्प झाला. मला वाटलं, स्क्रीनवर बघतोय. मग म्हणाला, "सर, एकदा ऐकून तर बघा. आवडेल तुम्हाला." आणि लगेच, त्याच दमात, "फक्त सील फोडलंत तर रिटर्न होणार नाही."

म्हणजे सील न फोडता ऐकायचं. कसं, ते त्यानं सांगितलं नाही.

ऐकून तर बघा! १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात मेडन वाजले तेव्हा मी पुढच्या कठड्याला चिकटून उभा होतो. हॅरिसच्या दोन बोटांची ती घोडदौड छातीत ऐकू येते, कानात नंतर. तोच माणूस ब्रिटिश लायन घेऊन छोट्या क्लबांत वाजवतो, गायला रिचर्ड टेलर असतो, आणि गाणी सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉककडे झुकतात. मेडनसारखंच करायचं असतं तर त्याला दुसरा बँड कशाला हवा होता? (ड्रमर सायमन डॉसन २०२५ पासून मेडनच्या दौऱ्यातही वाजवतो. हे तुमच्या माणसाला माहीत नव्हतं ते बरं, नाहीतर "सर, ड्रमरही तोच" ऐकावं लागलं असतं.) आचारी तोच आहे म्हणून बासुंदी मागणाऱ्याला झुणका वाढतात का?

पुन्हा लिहितो, कारण तिथे चार वेळा सांगून उपयोग झाला नाही : 'द बर्निंग'. २०२०.

फोन ठेवल्यावर पाचव्या मिनिटाला एसएमएस आला : "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे." कुणाचं समाधान?

तुमचं दुकान एका गाळ्यात होतं तेव्हापासून मी येतोय. काउंटरवरचा पोरगा, हॅरिस पिक (तारा छेडायची चकती) वापरत नाही, बोटांनीच वाजवतो, यावर गिऱ्हाइकांशी पैजा लावायचा, आणि जिंकायचा. त्याला पुन्हा कामावर घेता आलं तर बघा.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. एका रेकॉर्डीसाठी कोण जातंय, असं वाटत असेल तर मी निवृत्त आहे, माझ्याकडे वेळच वेळ आहे.

२०१२ चं पार्सल सील न फोडता चपलांच्या रॅकवर ठेवलंय. न्यायला माणूस पाठवा. येताना त्याचे हात रिकामे नसावेत.

एक ग्राहक,
डोंबिवली (पूर्व)