पव्यास, नागपूरहून

गुरुवार, रात्र

प्रिय पव्या,

दोन वर्षं ना पत्र, ना फोन. आधी शिव्या देऊन घे, मग वाच. घरी सगळे बरे, आईचे गुडघे तसेच.

ताईला मंगळवारी मुलगा झाला. नर्स म्हणाली, फेस येतोय, तोंडात काही घालू नका. तिची पाठ वळली अन् आजीनं, "बोटभर मधानं काय होते?" म्हणत चाटवलंच. पोरगं निळं पडलं. अन् मी ओरडलो कोणावर? नर्सवर! तिनं गुमान तोंडातून बारीक नळी सारली. दहाएक सेंटिमीटरवर अडली अन् वळून परत आली. अन्ननलिका मधेच बंद, खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला. रात्रीच १०८ नं निघालो. कोंढाळीपर्यंत भाऊजी फेस ओढायच्या मशीनकडेच पाहत होते.

इथले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनआधी हृदयाची इको. मी म्हटलं, बिघाड नळीत, काळीज कायले तपासता? आपला मेकॅनिक आठवला बे, पंक्चरला नेली की क्लच उघडणारा. पण अशा चारेक बाळांत एखाद्याच्या हृदयातही खोट निघते. पोटात दोन्ही त्याच सुरुवातीच्या आठवड्यांत घडतात. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, उजवीकडे वळलेली असली तर छाती कोणत्या बाजूनं उघडायची तेही बदलू शकतं. याची डावीकडेच आहे. पण खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र निघालं. लहान आहे, आपोआप बुजू शकतं, आधी अन्ननलिका. वजन दीड किलोच्या आत अन् हृदयही फार बिघडलेलं, तर अवघड. आपला दोन किलो शंभर. कापसाच्या काट्याला जन्मभर शिव्या दिल्या, या काट्याला हात जोडले.

तुलाच का लिहितो, कळलंच असेल. तुझा धाकटा. आपण चौथीत होतो. फेस, मग निळा, तिसऱ्या दिवशी गेला. भगतानं बाहेरचं सांगितलं, लोक काकूंना काय काय बोलले. मीही शाळेत म्हटलं, तुमच्या घराला लागलंय. तू तीन महिने बोलला नाहीस, बरोबर केलंस. त्याला हेच होतं असं नाही म्हणत, आता कोण सांगणार? पण नळी वळून आली तेव्हा मला तुमच्या ओसरीतला पाळणा दिसला. काकूंना सांगायचं का, तू ठरव.

नवी नोकरी कशी? वहिनींना नमस्कार, पोरीला पापा.

सकाळी सातला आत नेणार. आजीला अजून कोणी काही बोललेलं नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. मोटारीचे तुझे बाराशे लक्षात आहेत. मागू नको.