बारा गोल करूनही विजेतेपद का हुकले?

संपादक महोदय,

आपल्या क्रीडा पुरवणीत बुंडेसलिगा या जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगच्या १९७७-७८च्या हंगामावर आलेला लेख वाचला. त्यात मोंशेनग्लाडबाखने शेवटच्या दिवशी डॉर्टमुंडवर मिळवलेल्या १२-० या विजयाबद्दल सामना विकल्याचा भरपूर संशय आहे, पण गुणतक्ता मात्र कुठेच नाही. शिवाय ‘कोलोनला विजेतेपद नशिबाने मिळाले’ हे वाक्य आकड्यांपुढे टिकत नाही.

३३ फेऱ्यांनंतर एफसी कोलोन आणि बोरुसिया मोंशेनग्लाडबाख या दोघांचे ४६ गुण होते. तेव्हा विजयाला दोन गुण मिळत आणि गुण समान झाले तर गोलफरक पाहिला जाई. कोलोनने ८१ गोल करून ४१ स्वीकारले होते, म्हणजे गोलफरक अधिक ४०. ग्लाडबाखचे ७४ आणि ४४, म्हणजे अधिक ३०. फक्त शेवटची फेरी उरली असताना दहा गोलांची आघाडी कोणालाही पुरेशी वाटली असती.

२९ एप्रिल १९७८ रोजी ग्लाडबाखची गाठ बोरुसिया डॉर्टमुंडशी होती. (दोन्ही क्लबांच्या नावात बोरुसिया आहे, हे प्रशियाचे लॅटिन नाव. लेखात एके ठिकाणी याच नावामुळे गफलत झाली आहे.) सामना ग्लाडबाखच्या मैदानावर नव्हे, तर ड्युसेलडॉर्फच्या राइनस्टाडिओनवर झाला. पहिला गोल पहिल्याच मिनिटात झाला, मध्यंतराला ६-० आणि अखेर १२-०. ग्लाडबाखच्या यूप हाइंकेस यांनी बुंडेसलिगातल्या आपल्या शेवटच्या सामन्यात पाच गोल केले. बुंडेसलिगातला हा आजही सर्वांत मोठा विजय आहे.

आता कोलोनच्या बाजूने हिशोब मांडू. ग्लाडबाखचा अंतिम गोलफरक ८६ वजा ४४, म्हणजे ४२. कोलोन १-० ने जिंकले असते तर ४१ वरच अडकले असते. २-० झाले असते तर फरक ४२ असा समान, पण केलेले गोल ८३ विरुद्ध ८६, म्हणजे विजेतेपद ग्लाडबाखचे. किमान ३-० हवे होते, तेही हॅम्बुर्गमध्ये सांक्ट पाउलीविरुद्ध. कोलोनने ५-० केले. त्यापुढे ग्लाडबाखला १५-० लागले असते. सांक्ट पाउली तळाचा संघ होता हे खरे, पण प्रतिस्पर्ध्याच्या शहरात जाऊन पाच गोल करणे याला नशीब म्हणत नाहीत.

बुंडेसलिगाच्या सुरुवातीच्या काही हंगामांत गोलांची वजाबाकी नव्हे, भागाकार चाले. त्या नियमाने कोलोनला १-० सुद्धा पुरले असते, कारण ८२ भागिले ४१ म्हणजे बरोबर २ आणि ८६ भागिले ४४ म्हणजे १.९५. भागाकारात कमी गोल स्वीकारणाऱ्याला झुकते माप मिळते, वजाबाकीत मोठ्या विजयाला पूर्ण मोल मिळते. क्रिकेटमधला नेट रनरेट समजणाऱ्या वाचकाला हे सहज उमगेल. आजच्या तीन गुणांच्या पद्धतीत तर गोल मोजायची वेळच आली नसती. कोलोनचे विजय २२ आणि बरोबरी ४, ग्लाडबाखचे विजय २० आणि बरोबरी ८. गुण झाले असते ७० आणि ६८.

राहिला संशय. तो निराधार नव्हता. १९७१ मध्ये सामने विकल्याचे मोठे प्रकरण उघड होऊन पन्नासहून अधिक खेळाडूंना शिक्षा झाली होती, आणि ती आठवण ताजी होती. पण डॉर्टमुंडच्या या पराभवात गैरप्रकार सिद्ध झाला नाही. तक्त्याच्या मध्यावर सुरक्षित असलेला, मिळवण्यासारखे काही न उरलेला संघ सुरुवातीलाच कोसळला, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. डॉर्टमुंडचे प्रशिक्षक ओटो रेहागेल यांची लगेच हकालपट्टी झाली. याच रेहागेल यांनी पुढे कायझर्सलाउटर्नला १९९८ मध्ये बुंडेसलिगा आणि ग्रीसला २००४ मध्ये युरो करंडक जिंकून दिला, हेही लेखात हवे होते.

आणि हेनेस वाइसवायलर यांचे नावही लेखात नसावे, हे फार खटकले. ग्लाडबाखला तीनदा विजेतेपद मिळवून देणारे हेच प्रशिक्षक त्या वर्षी कोलोनच्या बाकावर होते, आणि संघाने त्याच हंगामात जर्मन करंडकही जिंकला होता.

एक विनंती. आपल्या पुरवणीतल्या फुटबॉलच्या तक्त्यात सध्या फक्त सामने आणि गुण छापले जातात. त्यात विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल आणि स्वीकारलेले गोल हे पाच रकाने वाढवावेत. जागा कमी पडत असेल तर छायाचित्र लहान करा.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर