प्रकटीकरण आधी, मत्तय नंतर?

संपादक महोदय,

बायबलच्या वचनांची सूची अकारविल्हे लावली की प्रकटीकरण हे बायबलचे शेवटचे पुस्तक नव्या करारातल्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे मत्तयच्या आधी जाते. अशी सूची अभ्यासकाच्या कामाची नाही; क्रम बायबलमधल्या पुस्तकांचाच हवा.

लाटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमधले ‘बायबलरेफ’ पॅकेज एकाच आज्ञेत संदर्भ मजकुरात छापते आणि सूचीतही नोंदवते. घोळ होतो तो पुढे. सूची लावणारा ‘मेकइंडेक्स’ हा प्रोग्राम अक्षरे-आकडे मिसळलेल्या नोंदीतले आकडे अक्षरांसारखे वाचते, त्यामुळे अध्याय १० हा २ च्या आधी बसतो. हाताने नोंद करताना निर्गम ३:१४ (दुसरे पुस्तक, अध्याय ३, वचन १४) साठी आधी ०२-००३-०१४ ही क्रम ठरवणारी, न छापली जाणारी किल्ली, मग ॲटचे चिन्ह (@), मग छापायचा मजकूर द्यावा. अध्याय आणि वचनाला तीन-तीन अंकांची घरे लागतातच: स्तोत्रे १५०, आणि ११९व्या स्तोत्रात वचने १७६.

याहून फसवी चूक क्रमांकांची. मराठी बायबलमधले योएल २:२८ हिब्रू आवृत्तीत ३:१ असते. स्तोत्र ५१:१ तिथे ५१:३ होते, कारण शीर्षकाचीही वचने मोजतात. दोन्ही पद्धती मिसळल्या तर एकच वचन सूचीत दोनदा येते आणि मेकइंडेक्स ते पकडत नाही. प्रकाशकांनी कोणती क्रमपद्धती वापरली हे सूचीच्या माथ्यावर छापावे, ही कळकळीची विनंती.

— एक अक्षरजुळणीकार, पुणे