घड्याळ विकत नको, आठवडाभर उसनं द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत परवा स्मार्टवॉच आणि पार्किन्सनबद्दल, म्हणजे हातपाय थरथरायच्या आणि ताठायच्या मेंदूच्या आजारात मनगटावरच्या घड्याळाने रुग्णाच्या हालचालींवर लक्ष ठेवण्याबद्दल, छापून आलं, माहिती चांगली होती, पण ते वाचून आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत लगेच ‘मग मुलाला अमेरिकेहून घड्याळ आणायला सांगू का’ सुरू झालं, म्हणून हे पत्र. आमच्या नानांना बरीच वर्षं पार्किन्सन आहे त्यामुळे यातलं थोडंफार कळायला लागलंय.

आधी मूळ अडचण सांगतो. बार्शीहून पहाटे निघून पुण्याला जायचं, दोन तास बाकावर बसायचं आणि आत गेल्यावर डॉक्टर दहा मिनिटं बघणार. बोटं अंगठ्यावर आपटा, मूठ उघडझाप करा, जरा चालून दाखवा. गंमत म्हणजे डॉक्टरांसमोर नाना एकदम ताठ चालतात, वळतातसुद्धा झकास! आणि तेच नाना घरी दुपारी चारला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाय चिकटल्यासारखे उभे राहतात, आई ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणते तेव्हा कुठे पाऊल उचलतं. आता हे डॉक्टरांना कसं दिसणार?

यात गोळीचं गणित आहे. लेव्होडोपा ही पार्किन्सनची मुख्य गोळी सुरुवातीला छान लागू पडते, पण काही वर्षांनी एका गोळीचा असर तीन-चार तासांत उतरायला लागतो, मधल्या वेळात माणूस ताठतो, त्याला ‘ऑफ’ म्हणतात. आणि डोस जास्त झाला तर उलट अंग आपोआप वळवळायला लागतं. घरच्यांच्या लेखी दोन्ही म्हणजे ‘थरथर’च, पण एकाला गोळी वाढवायची असते आणि दुसऱ्याला कमी करायची, म्हणजे आपण नुसतं ‘थरथर वाढलीय डॉक्टर’ म्हणालो की उपचार उलट्या दिशेला जायची सोय झाली. मनगटावरचं यंत्र इथे खरं कामाचं, कारण बसल्याजागची पार्किन्सनची थरथर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा, एका लयीत होते आणि वळवळीला अशी लय नसते, तर हा फरक सेन्सर पकडतो, तोही दिवसभर आणि गोळीच्या वेळेसकट.

आता ‘घड्याळ घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी. ॲपल वॉचवर चालणाऱ्या एका पार्किन्सन ॲपला २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली हे खरं, पण त्यासोबत आयफोन आला, रोजचं चार्जिंग आलं, आणि थरथरत्या हाताने त्या इवल्याशा स्क्रीनवर बोट कसं मारायचं ते ज्याचं त्याने बघावं. त्यापेक्षा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला तयार झालेलं पर्सनल कायनेटिग्राफ हे हालचाल नोंदवणारं मनगटी यंत्र मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ते रुग्णाने विकत घ्यायचंच नाही. साधारण आठवडाभर मनगटावर घालायचं, गोळीची वेळ झाली की ते थरथरून आठवण करतं, गोळी घेतली की त्यावर अंगठा ठेवायचा, आठवडा झाला की परत द्यायचं, ग्राफ डॉक्टरांकडे जातो. घरात स्मार्टफोन नसला तरी अडत नाही. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने २०२३ च्या जानेवारीत अशी पाच उपकरणं तिथल्या आरोग्यसेवेत वापरायला हरकत नाही म्हटलं, तेही अटी घालून, वापरता वापरता आणखी पुरावा गोळा करा म्हणून.

अर्थात सगळं यातून कळत नाही. मनगटावरच्या पट्टीला दुसरा हात दिसत नाही, उंबऱ्यापाशी पाय चिकटले हे कमरेला लावायच्या यंत्राला जास्त चांगलं कळतं, आणि बद्धकोष्ठ, झोपेतलं ओरडणं, मनाची उदासी हे कुठल्याच ग्राफवर येत नाही. ते आमच्या आईच्या कॅलेंडरच्या मागे येतं. ‘४ वाजता ताठले, वरण-भात खाल्ल्यावर गोळी उशिरा लागली’ असलं ती लिहून ठेवते. डॉक्टरांनी ग्राफ आणि हे कॅलेंडर दोन्ही समोर ठेवून बघावं.

आणि घड्याळ आजार सात वर्षं आधी ओळखतं असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, ते ब्रिटनमधल्या लाखभर लोकांच्या हालचालींच्या आकडेवारीवरचं संशोधन आहे हो, एकेकट्याचं निदान नव्हे; घड्याळात आपली पावलं कमी भरली तर आधी गुडघे तपासा.

तर मागणी एवढीच की राज्याच्या आरोग्य खात्याने जिल्हा रुग्णालयांत अशी थोडी यंत्रं ठेवावीत, पाळीपाळीने आठवड्यासाठी द्यावीत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन आहे, त्यामुळे ही चैन आहे असं कुणी म्हणू नये. २०२० पासून व्हिडिओवर तपासणीचे नियमही झालेत, म्हणजे ग्राफ बघून डोस बदलायला दरवेळी पुणं गाठायची गरज नाही. मात्र ग्राफ वाचायला डॉक्टरांचा वेळ जातो, त्याचे पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत, फुकटात कोण आणि किती दिवस बघणार? आणि ती माहिती कुणाच्या सर्व्हरवर जाते, विमा कंपनीला दिसते का, हे सही घेण्याआधी मराठीत लिहून द्यावं.

आधी एक-दोन जिल्ह्यांत करून बघा. सोलापूरला सुरू केलंत तर पहिला नंबर आम्ही लावतो.

आपला,
एक वाचक, बार्शी